फील्डसाहेब

हँडलला उलटी टांगलेली जिवंत कोंबडी, मागच्या कॅरिअरला बांधलेली हापशाची साखळी, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हजेरीची वही आणि अंगात कुठल्या तरी बंद पडलेल्या प्रकल्पाचा टी-शर्ट. पूर्व झांबियाच्या रस्त्यावर एवढ्या गोष्टी एकाच मोटरसायकलवर दिसल्या की तो माणूस सेवाभावी संस्थेचा फील्ड ऑफिसर आहे असं खुशाल समजावं. ओळखपत्र मागू नये. ते गळ्यात असतंच, पण एक दाखवायला घेतलं की त्याच्यामागून आधीच्या तीन संस्थांचीही निघतात, आणि मग प्रत्येकीचा इतिहास ऐकावा लागतो.

मी राहतो चिपाटात. लुसाकाहून ग्रेट ईस्ट रोडने पावणेसहाशे किलोमीटर पूर्वेला, मलावीच्या सरहद्दीजवळ. इथल्या बाजारपेठेत गुजराती दुकानदार आज्या-पणज्यांपासून आहेत. त्यांच्यापैकी एका शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात मी हिशेब बघतो. हापशाचे सुटे भाग आमच्याकडे मिळतात, त्यामुळे जिल्ह्यातल्या यच्चयावत संस्थांचे फील्ड ऑफिसर आमच्या काउंटरवर कोपर टेकून गेलेले आहेत. पुढे लिहितोय ते त्यांतल्या एकाबद्दल, आणि थोडं थोडं सगळ्यांबद्दल. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण या भागात दर दुसरा माणूस फिरी आणि तिसरा बांडा. मी आपला त्यांना फील्डसाहेब म्हणतो.

ते मला म्हणतात मिस्टर मार्क टू. झांबियाच्या खेड्यात जो हापसा दिसतो तो बहुतेक वेळा ‘इंडिया मार्क टू’ असतो, आणि त्याचं घराणं आपल्याकडचं. मराठवाड्यात पाण्याचं काम करणाऱ्या मिशनऱ्यांनी जालन्याला एक पंप घडवला, त्यात सुधारणा होऊन सोलापूरचा पंप निघाला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफने हात लावल्यावर त्यातून हा मार्क टू जन्मला. हे मी एकदा काउंटरवर सहज बोलून गेलो. वर मी स्वतः सोलापूरचा, हेही सांगितलं. झालं. त्या दिवसापासून साखळी तुटली, बेअरिंग गेलं, वायसर फाटला की फील्डसाहेब माझ्याकडे अशा नजरेने बघतात, ज्या नजरेने धाकट्याने बाहेर शेण खाल्ल्यावर लोक थोरल्या भावाकडे बघतात.

“तुमच्याकडे मार्क थ्री नाही का निघाला?” एकदा त्यांनी विचारलं.

“निघालाय ना.”

“मग तो कुठाय?” आणि त्यांनी माझ्या मागच्या फळीकडे संशयाने पाहिलं.

फील्डसाहेबांचं पहिलं दैवत हजेरीची वही. सही नाही तर सभा नाही. आंब्याखाली माणसं जमलेली असोत, पाऊस येऊ घातलेला असो, गावच्या मुखियाला शेतावर जायची घाई असो, आधी वही फिरणार. नाव, गाव, लिंग, वय, सही. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी जांभळ्या शाईचं पॅड. सायकलवरून सहज जाणाऱ्या माणसालाही थांबवून सही घेतात, मग तो मीठ आणायला का निघालेला असेना. एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो तर माझीही घेतली आणि वयाच्या रकान्यात मला तरुण करून टाकलं. मी चष्मा काढून पुन्हा वाचलं. “तरुणांचा आकडा कमी पडत होता,” ते म्हणाले, “लुसाकाला कळवायचंय.” इतकी वर्षं झाली, मला कुणी एवढ्या अधिकृतपणे तरुण म्हटलं नव्हतं. मी काही बोललो नाही.

सभा दहाची असते, म्हणून निरोप आठचा जातो. लोकांना हे ठाऊक असतं, म्हणून ते अकराला येतात. साहेबांना तेही ठाऊक असतं, म्हणून ते साडेदहाला येतात आणि अर्धा तास आधी येऊन बसल्याचा मोठेपणा पदरात पाडून घेतात. पण त्याआधी मुखियाच्या अंगणात जाऊन आलेले असतात. तिथे ते उकिडवे बसतात, दोन्ही हातांचे खोलगट तळवे करून सावकाश टाळी वाजवतात, साखरेचा पुडा पुढे ठेवतात, पावसाची, गुरांची, मुखियाच्या गुडघ्याची चौकशी करतात. प्रकल्पाचा शब्द नाही. लुसाकाहून नव्याने आलेला एखादा पदवीधर पोरगा बाजूला घड्याळ बघत उभा असतो. तो पोरगा सहा महिन्यांत बदलून जातो. मुखियाचा गुडघा तिथेच असतो, आणि साहेबही.

सभेची सुरुवात प्रार्थनेने. मग भाषण. आपल्याकडे ‘व्यासपीठावरील सन्माननीय’ म्हणत यादी वाचताना एखादे माजी सरपंच हमखास राहतात आणि वर्षभर रुसतात. इथल्या लोकांनी त्यावर तोडगा काढलेला आहे. वक्ता उभा राहून नुसतं म्हणतो, “ऑल प्रोटोकॉल्स ऑब्झर्व्ड”, की सगळ्यांचे मानपान एका फटक्यात उरकले. फील्डसाहेब हे वाक्य म्हणतात, आणि मग खबरदारी म्हणून संपूर्ण यादीही वाचतात.

त्यानंतर दर तिसऱ्या वाक्याला “आर वी टुगेदर?” समोरून “येस!” हापशाभोवती चिखल होऊ देऊ नये, आर वी टुगेदर? दरमहा वर्गणी खजिनदाराकडे द्यावी, आर वी टुगेदर? या ठिकाणी “येस” जरा बारीक होतो. साहेब पुन्हा विचारतात. तोंडात इतकं बसलंय की दुकानातही, “पंधरा टक्के सूट, आर वी टुगेदर?” मी म्हणतो, नो. ते हसतात. “पांगोनो पांगोनो,” म्हणतात. हळूहळू येईल हा वळणावर, असा त्यांचा माझ्याबद्दल आणि एकंदर मनुष्यजातीबद्दलच विश्वास आहे.

त्यांचे टी-शर्ट ओळीने वाळत घातले तर झांबियाच्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या मदतकार्याचा इतिहास दोरीवर दिसेल. एड्सची जागृती, मच्छरदाणी, साबणाने हात धुवा, मुलींना शाळेत पाठवा, हवामानबदल. कामाला लागले ते २००२ च्या दुष्काळात. त्या वर्षी अध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी जनुक बदललेला मका मदत म्हणूनही घेणार नाही असं जाहीर केलं. आलेला मका पुन्हा बाहेर न्यायचा होता. “मी भुकेल्यांसाठी काम करायला भरती झालो,” साहेब सांगतात, “आणि पहिल्या महिन्यात पोती मोजून परत ट्रकमध्ये चढवली.” हे सांगताना ते हसतात, पण म्वानावासांना वाईटही म्हणत नाहीत. मोठ्या माणसांच्या निर्णयावर मत द्यायला त्यांच्या फॉर्मात रकाना नसतो.

पाहुणे येणार असले की फील्डसाहेब आठवडाभर जमिनीपासून दोन बोटं वर चालतात. हापशाला निळा रंग लागतो. गवत कापलं जातं. संस्थेच्या नावाचा पत्र्याचा फलक सरळ केला जातो (आमच्या भागात फाट्याफाट्यावर असे फलक उभे आहेत, बऱ्याच संस्था गेल्या, फलकांना कुणी निरोप दिलेला नाही). मग पांढऱ्या लँड क्रूझर येतात. बायका गाणी म्हणत नाचत सामोऱ्या जातात, पाहुण्यांनाही नाचावं लागतं, आणि ते जसे नाचतात त्यावर गावात पुढे बरेच दिवस चर्चा चालते.

अशाच एका समारंभाला मी हजर होतो. सुटे भाग आमचे, म्हणून शेठने पाठवलं होतं. परदेशी पाहुण्या बाईंनी एका म्हातारीला विचारलं, या पाण्याने तुमच्या आयुष्यात काय बदललं? आम्बुया, म्हणजे आजीबाई, उठल्या. कमरेला गुंडाळलेलं चितेंगे घट्ट केलं. आणि ज्या सुरू झाल्या! माझी न्यान्जा भाषा बाजारापुरतीच आहे, तरी मथितार्थ कळायला अडचण नव्हती. पाणी लाल येतं. त्याचा चहा काळा होतो. मक्याच्या पिठाच्या न्शिमाला लोखंडाची चव लागते. धाकट्या सुनेचा पांढरा ब्लाउज पिवळा पडला, ती परत ओढ्यावर जायला लागली. “आणि तू रे,” त्या साहेबांकडे वळल्या, “गेल्या पावसाळ्यात म्हणालास पाइप बदलतो. कुठायत पाइप?”

फील्डसाहेब मान खाली घालून, हात जोडल्यासारखे धरून सगळं ऐकत होते. आम्बुया बसल्या. ते पाहुण्यांकडे वळले.

“त्या फार आभारी आहेत,” त्यांनी भाषांतर केलं. “आणि पाण्याच्या गुणवत्तेबद्दल त्यांचं एक छोटंसं निरीक्षण आहे.”

पाहुण्या बाईंनी वहीत ‘निरीक्षण’ असं लिहून घेतलं.

परतताना मी त्यांना चिडवलं, तर त्यांनी मोटरसायकल थांबवून मला समजावलं. म्हातारी शंभर टक्के खरं बोलत होती. जमिनीतलं पाणी आम्लधर्मी असलं की मार्क टूचे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप गंजतात, आणि पाणी लाल होतं. नुसता वायसर बदलून भागत नाही, पाइपच बदलावे लागतात, आणि ते महाग. “तक्रार लिहिली की चौकशी लागते,” ते म्हणाले. “चौकशी लागली की प्रकल्प थांबतो. निरीक्षण लिहिलं की बजेटमध्ये ओळ मिळते.” मग दर तिमाहीच्या अहवालात आम्बुयांचं निरीक्षण पहिल्या क्रमांकावर जात राहिलं, जराही न बदलता, वरचे अधिकारी बदलले तरी. शेवटी न गंजणारे पाइप आले. आमच्याच दुकानातून गेले, म्हणून मला माहीत.

शेळ्यांचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं.

योजना अशी होती की काही कुटुंबांना शेळ्या द्यायच्या. शेळी व्याली आणि पाट झाली, तर पहिली पाट यादीतल्या पुढच्या कुटुंबाला द्यायची. त्या कुटुंबाने तिची पहिली पाट त्याच्या पुढच्याला. कागदावर बाण काढून दाखवलं होतं, काही वर्षांत सगळं गाव शेळ्यांनी भरून जाणार. जगभर अनेक संस्था या पद्धतीने जनावरं वाटतात आणि पद्धत चांगलीच आहे. फक्त या गावात झालं असं की पहिल्या वर्षी झाडून सगळ्या शेळ्यांना बोकड झाले. एकीलाही पाट नाही. लुसाकाच्या कार्यालयातून विचारणा आली की ही जात कोणती, पशुवैद्यकाला कळवलं का.

दुसरा कुणी असता तर सभा बोलावून ओरडला असता. फील्डसाहेबांनी पहाटे उठून गावात जायला सुरुवात केली. गोठा उघडायच्या आधी पोचायचं. शेळ्या इथे लाकडी फळ्यांच्या, जमिनीपासून उचललेल्या खुराड्यात बांधतात. तिथे ओट्यावर बसायचं, थोब्वा मागून प्यायचं, पाऊस कधी येईल यावर बोलायचं. घरधन्याला शेळ्या तर सोडाव्या लागणार! तो चुळबुळ करतो, साहेब दुसरा पेला मागतात. शेवटी खुराडं उघडतं, शेळ्या उतरतात, आणि तेवढ्यात पलीकडे मेव्हण्याच्या घरामागून करडाचा आवाज येतो. इकडची शेळी कान टवकारून सरळ तिकडे पळत सुटते. आईला फॉर्म भरायचा नसतो.

“बोकडाचा आवाज किती गोड आहे,” साहेब म्हणतात.

ते वहीत लबाडी असं लिहीत नाहीत. ‘पाट उशिरा आढळली’ असं लिहितात. मग ती पाट पुढच्या कुटुंबाला द्यायचा समारंभ मुखियाच्या अंगणात ठेवतात, सगळ्यांसमोर, प्रार्थना, प्रोटोकॉल आणि टाळ्यांसकट. देणाऱ्याचं इतकं कौतुक करतात की त्याला आपण पहिल्यापासून देणारच होतो असं वाटायला लागतं. त्यापुढच्या वर्षी गावात पाटी जन्मायला लागल्या.

पहाटेच्या अशाच एका फेरीत एका विधवेच्या घरी आम्ही थांबलो होतो. समोर खुराड्याबाहेर पाट उड्या मारत होती, अगदी चांगली तजेलदार. साहेबांनी वही काढली आणि लिहिलं, बोकड. मी वहीकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. त्या विधवेच्या दोन मुलींना जानेवारीत शाळेत जायचं होतं, गणवेश शिवायचे होते, हे मागाहून कळलं.

“आर वी टुगेदर?” साहेबांनी वही मिटता मिटता विचारलं.

मी म्हटलं, येस.

त्यांचा सगळ्यात रंगलेला प्रयोग संडासांचा. ही पद्धत कमल कार या भारतीय माणसाने १९९९-२००० च्या सुमाराला बांगलादेशात सुरू केली आणि २००७ मध्ये ती झांबियात आली, आधी दक्षिणेकडे चोमा जिल्ह्यात. पैसे वाटायचे नाहीत, संडास बांधून द्यायचे नाहीत, फक्त गावाला स्वतःची किळस वाटेल असं करायचं. साहेब जमिनीवर राखेने गावाचा नकाशा काढायला लावतात. प्रत्येकाने पान ठेवून आपलं घर दाखवायचं. मग प्रत्येकाने मक्याच्या कोंड्याची चिमूट टाकून सांगायचं, पहाटे कुठे जातो. सुरुवातीला हसाहशी, मग चिमटी पडत जातात, मग विहिरीच्या कडेला पडतात, आणि हसणं कमी होतं. मग ते पाण्याचा पेला देतात, पिणार का? पिणार. डोक्यातला एक केस उपटतात, नकाशाच्या बाहेर खऱ्याखुऱ्या घाणीला लावतात, पेल्यात बुडवतात. आता पिणार का? कुणी नाही. “माशीला पाय किती?” सहा. “आणि केस एकच होता,” साहेब म्हणतात, आणि गप्प बसून सगळ्यांची तोंडं बघतात. हा गप्प बसण्याचा भाग त्यांना फार आवडतो. नाटकातल्या नटाला टाळीची जागा कळावी तसा.

ते पाहून मला राहवलं नाही. संध्याकाळी मी त्यांना गाडगेबाबांबद्दल सांगितलं. हातात खराटा, अंगावर चिंध्या. गावात शिरले की आधी गाव झाडायचं, नाल्या साफ करायच्या, आणि रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून त्यांच्या चुका वदवून घ्यायच्या. महाराष्ट्र सरकारची ग्रामस्वच्छता मोहीम त्यांच्याच नावाने आहे. साहेब खुर्ची ओढून जवळ आले.

“कुठल्या संस्थेचे?”

“कुठल्याच नाही.”

“फंडिंग?”

“लोक द्यायचे. त्याच्या धर्मशाळा बांधल्या.”

“वाहन?”

“पायी.”

“लंच अलाउन्स?”

“भाकरी मागून खायचे.”

ते विचारात पडले. “मग अहवाल कोण लिहायचं?”

मी म्हटलं, अहवालच नव्हता. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

फील्डसाहेबांच्या चेहऱ्यावर जो हेवा उमटला तो मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिलेला नाही. “अहवाल नाही!” ते स्वतःशीच म्हणाले, आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा तिमाही अहवाल जायचा होता.

बचत गटांबद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार. इथे पत्र्याच्या पेटीला तीन कुलपं, तीन बायकांकडे तीन चाव्या. तिघी हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. एकदा त्यातली एक चावी कटेटे गावी मयताला गेली आणि अख्खा गट दुपारभर पेटीभोवती बसून राहिला. मी जास्तीची चावी करून ठेवायचं सुचवलं, तेव्हा सगळ्या बायकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. साहेब स्वतः त्या पेटीला कधी बोट लावत नाहीत.

चिडलेले मी त्यांना फक्त एका विषयावर पाहिलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेत एक पंप निघाला होता, लहान मुलांच्या गोल फिरणाऱ्या चक्रीला जोडलेला. मुलं खेळतील आणि पाणी आपोआप वर चढेल. २००० साली जागतिक बँकेने त्याला बक्षीस दिलं, २००६ मध्ये अमेरिकेत मोठमोठ्या लोकांनी त्यासाठी कोट्यवधी डॉलर जाहीर केले, २०१० पर्यंत चार हजार बसवायचे ठरले. झांबियातही काही बसले. पण मुलं ती मुलंच. दोन दिवस फिरतात, तिसऱ्या दिवशी फुटबॉल खेळतात. मग पाठीशी बाळं बांधलेल्या आया ती चक्री ढकलत गोल गोल फिरू लागल्या. २००९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरवलेलं पाणी काढायचं तर मुलांनी दिवसाचे सत्तावीस तास खेळायला हवं. साहेब हा आकडा पाठ म्हणतात. “आणि मोडली तर तिचा वायसर तुझ्या दुकानात मिळाला असता का?” मिळाला नसता. मार्क टूवर त्यांचं प्रेम बसलंय ते इथून.

२०२४ चं साल मात्र कुणाला हसवणारं नव्हतं. पाऊस ऐन भरात गायब झाला. २९ फेब्रुवारीला अध्यक्ष हिचिलेमा यांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली. देशात बावीस लाख हेक्टरवर मका होता, त्यातला सुमारे दहा लाख हेक्टर गेला. मदत आली, पण ती सगळ्या घरांना पुरेल एवढी कुठून असणार? यादी करायची होती. गावात सगळेच गरीब, त्यातून जास्त गरीब निवडायचे. ही यादी फील्डसाहेब स्वतः करत नाहीत. सगळ्यांना आंब्याखाली बसवतात, एकेक नाव मोठ्याने वाचतात आणि गावाला ठरवू देतात. भांडणं होतात, रडारड होते. ते मध्ये बोलत नाहीत. त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव निघालं, गावाने थोडं थांबून नाही म्हटलं, साहेबांनी खोडलं. त्या महिन्यांत त्यांनी कुठल्याही गावात न्शिमाचा घास घेतला नाही. जेवूनच आलोय, म्हणायचे. हँडलला कोंबडी दिसली नाही. एरवी ते कूट घातलेल्या पालेभाजीला नाही म्हणणाऱ्यांतले नव्हेत.

त्यांच्या मोटरसायकलच्या बाजूच्या पेटीत घडी घातलेला एक काळा कोट असतो, हे मी सांगायचं राहिलं. मयतासाठी. कुठल्याही गावात कुणी गेलं की काम तिथेच सोडून ते कोट चढवतात आणि जातात. कार्यालयाला हे फारसं पसंत नाही, कारण मयताला हजर राहण्याला प्रकल्पात उद्दिष्ट दिलेलं नसतं. पण कुठला हापसा बंद पडलाय, खजिनदाराने पैसे कुठे वापरले, कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नाही, हे त्यांना सभेत कधीच कळत नाही. ते मयताच्या घरी, रात्री शेकोटीजवळ बसल्यावर कळतं.

२०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि अमेरिकेची परदेशी मदत गोठली. फील्डसाहेबांचा प्रकल्प त्या पैशावरचा. पत्र आलं, मोटरसायकल लुसाकाला परत गेली, नव्या पोरांनी दुसरीकडे अर्ज टाकले. साहेब सायकलवर आले. खिशातून गावाच्या वर्गणीचे चुरगळलेले क्वाचा काढून काउंटरवर मांडले आणि वायसर मागितले. मी विचारलं, आता नोकरी नाही, मग हे कशासाठी? त्यांनी मला मूर्खात काढावं अशा नजरेने पाहिलं. “हापशाला पत्र आलेलं नाही,” म्हणाले. वर पंधरा टक्के सूट मागितली. त्या दिवशी दिली.

आता त्यांना दुसऱ्या एका संस्थेने घेतलंय. टी-शर्ट नवा, मोटरसायकल जुनी आणि वही तीच.

जाता जाता वाचकांपाशी एक मागणं. आफ्रिकेतल्या हापशांपैकी साधारण तीनातला एक बंद असतो, असा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा अंदाज होता, आणि काउंटरवर बसून मला तो आजही फारसा चुकीचा वाटत नाही. नवा हापसा देणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या ओळखीतलं कुणी, एखादं मंडळ, एखादा क्लब, आफ्रिकेतल्या खेड्यासाठी पैसे पाठवणार असेल, तर त्यांना सांगा की नव्या हापशाचा आग्रह धरू नका. आहेत त्या हापशांचे पुढच्या दहा वर्षांचे वायसर, साखळ्या आणि पाइप द्या, आणि ते घेऊन जाणाऱ्या माणसाच्या पेट्रोलचे पैसे द्या. फलकावर नाव लागणार नाही, तेवढं आधीच सांगून ठेवा.